रात्रीची डुकरं आणि थर्मल स्कोप: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शेतं उकरणारी डुकरं एका वंशाची नाहीत. १५३९ साली हर्नांडो दे सोतोच्या मोहिमेबरोबर फ्लोरिडात उतरलेली डुकरं, नंतरच्या काळात मोकाट सुटलेली पाळीव डुकरं आणि १९३० च्या दशकात शिकारीसाठी टेक्सासात आणून सोडलेली युरोपीय रानडुकरं, अशी ही सरमिसळ. उन्हाळ्यात आणि बंदुकीचा धाक बसल्यावर हे कळप दिवसा झाडीत दडून राहतात, रात्रीच बाहेर पडतात. तिकडे जमीन कसणाऱ्या, रँच सांभाळणाऱ्या किंवा मित्राच्या जमिनीवर शिकारीला जाणाऱ्या मराठी वाचकांकडून थर्मल स्कोपबद्दल, म्हणजे उजेडाऐवजी उष्णता टिपून अंधारात जनावर दाखवणाऱ्या, रायफलवर बसवायच्या दुर्बिणीबद्दल, बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न: खोक्यावर ‘डिटेक्शन रेंज २००० यार्ड’ असं छापलंय. माझं शेत जेमतेम ४०० यार्ड लांब. मग हा स्कोप गरजेपेक्षा कितीतरी जास्त झाला का? (ऑस्टिन)

उत्तर: नाही. कदाचित कमीच पडेल. डिटेक्शन म्हणजे ‘तिथे काहीतरी गरम आहे’ एवढंच कळणं. हा आकडा काढताना साधारण १.८ मीटर उंचीचा माणूस मोकळ्या जागी उभा आहे, हवा कोरडी आहे आणि पडद्यावर त्याचे दोन-तीन पिक्सेल उमटताहेत, एवढं गृहीत धरलेलं असतं. दोन पिक्सेलवरून तो माणूस, वासरू की तापलेला दगड, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

या हिशेबाला आधार आहे तो जॉन्सन निकषांचा. अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये ते मांडले. पिक्सेलच्या भाषेत त्यांचा अर्थ असा: वस्तूच्या लहान बाजूवर २ पिक्सेल पडले तर ती ‘आहे’ हे कळतं, ८ पडले तर कोणत्या जातीची आहे हे कळतं आणि १३ च्या आसपास पडले तर नेमकी काय आहे याची ओळख पटते. तीही निम्म्या वेळा, म्हणजे शक्यता पन्नास टक्के. ट्रिगर ओढायचा तो या तेरा पिक्सेलच्या भरवशावर, दोनच्या नव्हे.

आता तुमच्या स्कोपचं गणित करा. हल्लीच्या बहुतेक सेन्सरमध्ये (उष्णता टिपणाऱ्या चिपमध्ये) एक पिक्सेल १२ मायक्रॉनचा असतो. लेन्स ३५ मिमीची असेल तर १०० यार्डांवर एक पिक्सेल सव्वा इंच जागा झाकतो. २५ मिमीला पावणेदोन इंच, ५० मिमीला पाऊण इंचाहून थोडी जास्त. वयात आलेलं डुक्कर जमिनीपासून पाठीपर्यंत साधारण २८ इंच धरलं, तर तेरा पिक्सेल मिळण्याचं अंतर २५ मिमीला सुमारे १२५ यार्ड, ३५ मिमीला १७५ आणि ५० मिमीला २५० यार्ड येतं. लक्षात ठेवायला सोपं: लेन्सचे मिलिमीटर गुणिले पाच. जुन्या १७ मायक्रॉनच्या सेन्सरसाठी पाचाऐवजी साडेतीनने गुणा. पिल्लांसाठी किंवा दमट रात्री यातून आणखी तिसरा हिस्सा वजा करा.

डिजिटल झूम या आकड्यात काडीचीही भर घालत नाही. तेच पिक्सेल मोठे करून दाखवले जातात, एवढंच.

प्रश्न: लेन्स तीच, ३५ मिमीची. एक मॉडेल ३८४ चं आणि दुसरं ६४० चं. किंमत जवळजवळ दुप्पट. ६४० मध्ये डुक्कर दुप्पट स्पष्ट दिसेल ना? (ह्यूस्टन)

उत्तर: दिसणार नाही. सेन्सर-लेन्सच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. ३८४ किंवा ६४० म्हणजे सेन्सरच्या रुंदीत बसणाऱ्या पिक्सेलची संख्या. पिक्सेलचा आकार तोच आणि लेन्स तीच असेल, तर १०० यार्डांवरच्या डुकरावर दोन्ही स्कोपमध्ये सारखेच पिक्सेल पडतात. तपशील ठरवते ती लेन्स. ६४० मुळे वाढते ती रुंदी. ३५ मिमी लेन्समागे ३८४ चा सेन्सर असेल तर १०० यार्डांवर साधारण १३ यार्डांचा पट्टा दिसतो, ६४० चा असेल तर जवळजवळ २२ यार्डांचा.

ही रुंदी चैनीची वस्तू नाही. पहिली गोळी सुटली की कळप उधळतो. १३ यार्डांच्या खिडकीतून दुसरं डुक्कर पुन्हा शोधेपर्यंत ते झाडीत शिरलेलं असतं. शिवाय अरुंद पट्टा म्हणजे सुरुवातीचं मॅग्निफिकेशनही जास्त. तीन-साडेतीन पटीला सुरू होणाऱ्या स्कोपमधून साठ यार्डांवर पळणारं जनावर धरून ठेवणं फार अवघड जातं. दोन ते अडीच पट ही कळपासाठी सोयीची सुरुवात.

म्हणून आधी अंतर ठरवा. मक्याच्या फीडरवर (डुकरांना ओढण्यासाठी मका टाकणाऱ्या यंत्रावर) मचाणातून किंवा ब्लाइंडमधून (लपून बसायच्या खोपटातून) मारायचं असेल आणि फीडर १०० यार्डांच्या आत असेल, तर ३८४ आणि २५ मिमी ही जोडी पुरते. पट्टा साधारण १८ यार्डांचा, किंमत दीड ते अडीच हजार डॉलरच्या घरात. मोकळ्या कुरणात चालत जाऊन दीडशे-दोनशे यार्डांवर मारायचं असेल तर ६४० आणि ३५ मिमी. ६४० आणि ५० मिमी ही जोडी सपाट, उघड्या शेतांसाठी. झाडीत ती त्रास देते, पट्टा १५ यार्डांवर येतो. २५६ चे स्कोप हजार डॉलरच्या आत मिळतात. मात्र २५ मिमी लेन्स लावली तर १०० यार्डांवर जेमतेम १२ यार्ड दिसतात. ते सापळ्याशेजारी किंवा पन्नास-साठ यार्डांच्या फीडरवर वापरावेत.

मॉडेलच्या नावातच बऱ्याचदा उत्तर असतं. एजीएम या कंपनीच्या रॅटलर मालिकेत ‘टीएस३५-३८४’ म्हणजे ३५ मिमी लेन्स आणि ३८४ चा सेन्सर. पल्सर कंपनीच्या थर्मियन मालिकेत ‘एक्सक्यू’ असेल तर ३८४, ‘एक्सपी’ किंवा ‘एक्सजी’ असेल तर ६४०, आणि पुढचा आकडा लेन्सचा. पल्सर घेताना पिक्सेल १२ चा की १७ चा हेही तपासा. १७ मायक्रॉन आणि ५० मिमीचा एक्सपी५० जेवढा पट्टा दाखवतो, जवळजवळ तेवढाच १२ मायक्रॉन आणि ३५ मिमीचा ६४० दाखवतो.

प्रश्न: किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या स्कोपमध्ये डुकरं फिकट दिसतात, कधी कधी तर जमिनीपेक्षा काळी. स्कोप बिघडला का? (कॉर्पस क्रिस्टी)

उत्तर: बहुधा नाही. थर्मल स्कोप उजेड पाहत नाही, तापमानातला फरक पाहतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री दहा-अकरापर्यंत उष्णता सोडत असते. डुकराच्या राठ केसांच्या वरच्या थराचं तापमान तिच्या जवळपास आलं की जनावर पार्श्वभूमीत मिसळून जातं. त्यातून ते नुकतंच चिखलात लोळून आलं असेल, तर ओला चिखल वाळताना अंग थंड पडतं आणि ‘व्हाइट हॉट’मध्ये (गरम ते पांढरं दाखवणाऱ्या सेटिंगमध्ये) डुक्कर काळं दिसतं. अशा वेळी डोळे, कानांची मुळं, पोटाखालचा भाग आणि जांघा शोधा. तिथे केस विरळ असतात आणि उष्णता बाहेर पडते.

दुसरा दोष दमट हवेचा. स्कोप ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण टिपतो. त्यातले काही हवेतली वाफ शोषून घेते, आणि धुक्याचे थेंब तर त्यांना सरळ अडवतात. थर्मल धुक्यातून आरपार पाहतं ही समजूत विरळ धुक्यापुरतीच खरी. दाट धुक्यात २०० यार्डांचा स्कोप ६० चा होतो. पाऊस थांबल्यावर लगेच गवत, माती, खांब सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं. तेव्हाही चित्र सपाट येतं.

उपाय सांगतो. जमीन सर्वांत थंड असते ती पहाटे, सूर्योदयाआधीच्या दोन-तीन तासांत. उन्हाळ्यात तीच वेळ धरा. सूर्य उगवल्यावर थोडा वेळ आणि मावळल्यानंतर थोडा वेळ वस्तू आणि पार्श्वभूमी यांची तापमानं एकमेकांना ओलांडतात. तेवढ्या वेळात चित्रावर विसंबू नका. ब्राइटनेस खाली आणा, कॉन्ट्रास्ट वाढवा. ‘ब्लॅक हॉट’ (गरम ते काळं) लावून पाहा. पार्श्वभूमी उजळ झाली की पाय, सोंड, शेपटी यांच्या कडा बऱ्याच जणांना जास्त नीट कळतात. रंगीत पॅलेट शोधायला ठीक, ओळख पटवायला वाईट.

स्कोप नवा घेणार असाल तर दमट भागासाठी एनईटीडी हा आकडा पाहा. तापमानातला किती बारीक फरक सेन्सरला कळतो ते तो सांगतो, आणि तो जितका कमी तितका चांगला. ४० मिलिकेल्विनचा (म्हणजे अंशाच्या ४० हजारांशाचा फरक ओळखणारा) स्कोप कोरड्या पश्चिम टेक्सासात उत्तम चालतो. किनाऱ्यावर २५ किंवा त्याखालचा घ्या. पण हा आकडा सेन्सरचा आहे की लेन्ससह पूर्ण यंत्राचा, हे विचारा. लेन्सचा एफ-आकडा (लेन्स किती उष्णता आत घेते ते सांगणारा; कमी तितका चांगला) १.० ऐवजी १.२ असेल तर सेन्सरवर पडणारी उष्णता १.४४ पटीने घटते, आणि चांगल्या सेन्सरचा फायदा तिथेच संपतो.

एक गोष्ट फार सोपी आहे, म्हणून विसरली जाते. एसी चालू असलेल्या ट्रकमधून स्कोप बाहेर काढला की गार लेन्सवर दव धरतं आणि चित्र पांढुरकं होतं. पंधरा-वीस मिनिटं आधी तो बाहेर ठेवा.

प्रश्न: चित्र धूसर आहे. पुढचं फोकस फिरवून हात दुखला. (डॅलस)

उत्तर: आधी मागचं फिरवा. डोळ्याजवळची डायऑप्टरची रिंग फिरवून मेनूची अक्षरं किंवा नेमाची फुली धारदार करून घ्या. लेन्सचं झाकण बंद असतानाच हे करता येतं. त्यानंतर पुढच्या फोकसला हात लावा. क्रम उलटा झाला तर चित्र कधीच जुळत नाही. तरीही पडद्यावर रेघा किंवा डाग राहिले तर झाकण लावून कॅलिब्रेशनचं (सेन्सरचे पिक्सेल पुन्हा जुळवून घेण्याचं) बटण दाबा.

हे कॅलिब्रेशन आपोआप होत असताना चित्र अर्धा-एक सेकंद गोठतं. नेम धरल्यावर नेमकं तेव्हाच होऊ नये म्हणून शिकारीच्या वेळी ते ‘मॅन्युअल’वर ठेवा आणि ब्लाइंडमध्ये बसल्यावर अधूनमधून स्वतः करत जा. गोठलेल्या चित्रावर गोळी झाडली तर डुक्कर तिथे नसतं, आणि तिथे दुसरं काय आलंय हेही दिसत नाही.

प्रश्न: ९ हर्ट्झचा स्कोप स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? (वेको)

उत्तर: नको. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते. ९ चा उभ्या जनावरावर चालेल, पळत्यावर चित्र उड्या मारत येईल. ५० किंवा ६० हर्ट्झ घ्या. ३० च्या खाली जाऊ नका.

प्रश्न: झिरो करताना कागदी लक्ष्य थर्मलमध्ये दिसतच नाही. लोक काय वापरतात? (टायलर)

उत्तर: झिरो करणं म्हणजे ठरलेल्या अंतरावर गोळी नेमाच्या फुलीवरच लागेल असा स्कोप जुळवणं. छापलेला काळा गोल आणि पांढरा कागद एकाच तापमानाला असतात, म्हणून स्कोपला दोन्ही सारखेच. पुठ्ठ्यावर अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा इंचभर चौकोन लावा आणि पुठ्ठा वरच्या बाजूने थोडा मागे कलता ठेवा. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी सोडत नाही, आकाश मात्र परावर्तित करतो. निरभ्र आकाश थर्मलला अतिशय थंड दिसतं, म्हणून चौकोन गडद आणि धारदार उमटतो. ढगाळ दिवशी हा उपाय मंदावतो. तेव्हा हात गरम ठेवायची रासायनिक पुडी पुठ्ठ्याच्या मागे लावा आणि पुठ्ठ्याला इंचभर भोक पाडा. नुसती पुडी समोर चिकटवली तर पसरट ठिपका दिसतो आणि नेम कुठे धरायचा ते कळत नाही. पुडीला हवा लागते, त्यामुळे ती सगळीकडून चिकटपट्टीने बंद करू नका.

झिरोचं काम दिवसा करा. गोळीची भोकं थर्मलमध्ये नीट दिसत नाहीत; साधी दुर्बीण जवळ ठेवा. आधी २५ यार्ड, मग १००. एआर-१५ सारख्या अर्धस्वयंचलित रायफलवर स्कोप नळीच्या अडीच-पावणेतीन इंच वर बसतो. १०० यार्डांचा झिरो हवा असेल तर २५ यार्डांवर गोळ्या नेमाच्या दीड-दोन इंच खाली लागायला हव्यात. तिथे त्या नेमक्या मध्यावर आणून ठेवल्या तर १०० वर रायफल बरीच वर मारेल.

प्रत्येक दुरुस्तीआधी तीन गोळ्या मारा आणि त्यांचा मध्य धरा. ‘फ्रीझ’ची सोय असेल तर फुली नेमक्या चौकोनावर धरून चित्र गोठवा, मग फुली भोकांच्या मध्यावर सरकवा आणि जतन करा. गोठवताना रायफल हलली तर सगळी दुरुस्ती वाया, म्हणून पुढे-मागे वाळूच्या पिशव्या हव्यातच. एका टप्प्याला फुली किती सरकते तेही माहितीपुस्तिकेत पाहून ठेवा. काही स्कोपमध्ये ती एक पूर्ण पिक्सेल सरकते, म्हणजे ३५ मिमी लेन्सला १०० यार्डांवर सव्वा इंच. काहींमध्ये झूम वाढवल्यावर टप्पा लहान होतो. तशा स्कोपचा झिरो वाढवलेल्या झूमवर करावा.

प्रश्न: झिरो केला होता, आठवड्याने गोळ्या सहा इंच डावीकडे. (लफकिन)

उत्तर: या क्रमाने तपासा. मेनूत कोणता प्रोफाइल (जतन केलेला झिरो) निवडलेला आहे? एका स्कोपमध्ये चार-पाच प्रोफाइल असतात आणि अंधारात चुकून बदलला जातो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग माउंट, म्हणजे स्कोप रायफलच्या वरच्या खाचांच्या पट्टीवर (रेलवर) धरून ठेवणारी पकड. स्कोप काढून परत बसवताना तो रेलच्या त्याच खाचेत बसला का, आणि घट्ट करताना पुढे ढकलून धरला होता का? रिकॉइलने (गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने) तो पुढे सरकायला जागा राहिली तर प्रत्येक गोळीगणिक थोडा हलतो. स्क्रू टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), माउंट बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याला घट्ट करा, अंदाजाने नको. तिसरी शंका गोळ्यांची: झिरो ज्या वजनाच्या गोळीने केला तीच आता वापरताय का? .३०० ब्लॅकआउट या काडतुसात सबसॉनिक (आवाजाच्या वेगापेक्षा हळू) आणि सुपरसॉनिक (आवाजापेक्षा वेगवान) गोळी १०० यार्डांवर एकमेकींपासून कितीतरी इंच दूर पडते. दोन्ही वापरायच्या तर दोन प्रोफाइल करा.

हे सगळं ठीक असेल तर सप्रेसर (नळीच्या टोकाला बसवायचं, आवाज कमी करणारं नळकांडं) सैल झालाय का ते हाताने पाहा. अर्थात थंड झाल्यावर.

प्रश्न: पैसे मर्यादित आहेत. चांगला स्कोप घेऊ, की साधा स्कोप आणि हातातला मोनोक्युलर? आणि माझ्या दिवसाच्या स्कोपपुढे लावायचं क्लिप-ऑन कसं? (सॅन अँटोनियो)

उत्तर: साधा स्कोप आणि मोनोक्युलर, म्हणजे हातात धरून एका डोळ्याने पाहायची थर्मल दुर्बीण. यात आम्हाला दुसरं मत नाही. मोनोक्युलर नसला की माणूस रायफलनेच चहूकडे बघू लागतो. म्हणजे भरलेली नळी शेजाऱ्याच्या घरावरून, ट्रकवरून, सोबत्यावरून फिरते. ‘काय आहे ते बघायला’ रायफल रोखणं ही रात्रीच्या शिकारीतली सर्वांत घातक सवय आहे, आणि ती अंगवळणी पडते ती साधन नसल्यामुळे. मोनोक्युलरला मोठं मॅग्निफिकेशन नको, रुंद पट्टा हवा. ३८४ चा सेन्सर आणि १९ मिमी लेन्स असली की १०० यार्डांवर २४ यार्ड दिसतात आणि शेताची कड भराभर पाहून होते.

एक अट आहे. तेरा पिक्सेलची ओळख कुठल्यातरी एका यंत्राने पटायलाच हवी. दोन्ही स्वस्त घेऊन दोन्हींत फक्त ठिपकेच दिसणार असतील, तर लांबचा नाद सोडून फीडर जवळ आणा.

क्लिप-ऑन, म्हणजे दिवसाच्या स्कोपच्या पुढे अडकवायचं थर्मल यंत्र, त्यांच्यासाठी, ज्यांची दिवसाची रायफल आणि झिरो ठरलेला आहे आणि तो मोडायचा नाही. पण त्याचा छोटा पडदा तुम्ही आपल्या स्कोपमधून मोठा करून पाहता. दिवसाचा स्कोप ३ ते ५ पटीला ठेवला तर ठीक, ८ पटीला नुसते चौकोन. अडॅप्टर स्कोपच्या पुढच्या काचेच्या बाहेरच्या व्यासाला नेमका बसला पाहिजे. जरा हलला तरी गोळी जागा सोडते. रेलवर बसणारा प्रकार जास्त भरवशाचा.

थर्मल चित्राला खोली नसते हेही या खरेदीत धरा. जवळचं पिल्लू आणि लांबचा नर सारखेच दिसतात. लेझर रेंजफाइंडर (लेझरने अंतर मोजणारी सोय) स्कोपमध्ये किंवा निदान मोनोक्युलरमध्ये असू द्या. किंवा दिवसा जाऊन फीडर, खांब, झाड यांची अंतरं मोजून कागदावर लिहून ठेवा. त्याला खर्च शून्य.

प्रश्न: आमच्या भागात जॅव्हलिनाही आहेत. थर्मलमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. (लरेडो)

उत्तर: हा प्रश्न आला हे बरं झालं, कारण इथे चूक झाली तर ती गुन्हा ठरते. जॅव्हलिना म्हणजे पेकरी. टेक्सासात तो संरक्षित शिकारप्राणी आहे: लायसन्स लागतं, संख्येवर मर्यादा आहे आणि रात्री मारताच येत नाही. दिवसा ओळख पटवणारा मानेभोवतीचा फिकट पट्टा हा केसांचा रंग आहे, आणि रंग थर्मलला दिसत नाही.

आकृती आणि चाल पाहा. जॅव्हलिना खांद्याशी दीड-पावणेदोन फूट, वजनाने ३५ ते ५५ पौंड. डोकं अंगाच्या मानाने मोठं, मान जवळजवळ नाहीच, पाय बारीक, मागचा भाग गोल, आणि शेपटी इतकी आखूड की दिसत नाही. डुकराला लोंबती, हलणारी शेपटी असते, सोंड लांब, आणि नराच्या खांद्यावरचा उंचवटा मागे उतरत जातो. कळपात मोठी मादी आणि तिच्याभोवती निरनिराळ्या वयाची पिल्लं दिसली तर डुकरं. सगळे एकाच आकाराचे असतील तर थांबा. शेपटी कळेपर्यंत थांबा. कळली नाही तर ती रात्र सोडून द्या. वासरं, मोठी कुत्री, खाली मान घालून चरणारी हरणं आणि पूर्व टेक्सासात अस्वल यांनाही हाच नियम.

जनावराच्या मागे काय आहे हे तर थर्मल फारच वाईट सांगतं. थंड तार, बारीक फांदी, गवताचा पडदा दिसत नाही, पण गोळी त्यावर आपटून वळते. मागे मातीचा चढ आहे की सपाट रस्ता, हे दिवसा पाहून ठेवा. मचाणावरून खाली मारलेली गोळी जमिनीत जाते. सपाटीवरून मारताना ती खात्री नसते.

प्रश्न: ट्रकच्या बॉनेटवर रायफल टेकवून नेम धरला. स्कोपमध्ये डुक्कर स्वच्छ, गोळी बॉनेटमध्ये. असं कसं? (ॲबिलीन)

उत्तर: स्कोप नळीच्या अडीच-तीन इंच वर आहे. त्याला बॉनेटच्या वरून दिसतं, नळीला मात्र बॉनेटच समोर. आणि इतक्या जवळची कड फोकसबाहेर असल्यामुळे स्कोपमध्ये उमटत नाही. ट्रायपॉडवर मारा. नळीच्या पुढे दोन फूट काय आहे ते डोळा काढून पाहा. खिडकीची काच बंद ठेवून मारायचा विचार कोणी करत असेल तर त्यालाही सांगून ठेवतो: साधी काच या किरणांना अपारदर्शक असते, तुम्हाला तुमचाच चेहरा दिसेल. स्कोपची लेन्स म्हणूनच काचेची नसते, जर्मेनियमची असते. ती शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग लेन्सचा कागद आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. सूर्याकडे रोखू नका, सेन्सर भाजतो.

जड रायफलवाल्यांनी डोळ्याचं अंतरही पाहावं. दिवसाच्या स्कोपला साडेतीन इंच मिळतात, थर्मलला बहुधा दोनच्या आत. .३०८ सारख्या जोरदार धक्क्याच्या रायफलवर तो पुढे बसवला तर मान ताणून डोळा जवळ न्यावा लागतो आणि रिकॉइलला भुवई फुटते. मागे नेणारा माउंट घ्या.

प्रश्न: टेक्सासात डुकरांसाठी लायसन्स लागत नाही असं ऐकलं. मी एच-१बी वर आहे. (प्लेनो)

उत्तर: ऐकलंत ते बरोबर आहे, पण तुमच्यासाठी अपुरं. १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, डुकरं मारायला टेक्सासात हंटिंग लायसन्स लागत नाही. दिवसा नाही, रात्रीही नाही. सार्वजनिक जमिनीवर मात्र लागतं. परंतु संघराज्याचा कायदा वेगळा आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला बंदी आहे, आणि तिला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. म्हणजे राज्याला नको असलेलं लायसन्स तुम्हाला बंदूक हातात घेण्यासाठीच हवं. मित्राची रायफल रेंजवर किंवा रँचवर हाताळतानाही ते खिशात असू द्या, मुदत संपू देऊ नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

रात्री जाण्याआधी त्या भागाच्या गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) फोन करून सांगणं सक्तीचं नाही, पण करा. अंधारात गोळ्यांचे आवाज आले की शेजारी त्यालाच फोन लावतात. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथले रात्रीचे आणि थर्मलचे नियम आधी वाचा. ते टेक्साससारखे असतीलच असं नाही.

प्रश्न: सुट्टीत गावी जाताना स्कोप बरोबर नेऊ का? आमच्याकडे शेतात रानडुकरांचा फार त्रास आहे. (केटी)

उत्तर: नेऊ नका. थर्मल शस्त्र-स्कोपवर अमेरिकेचं निर्यात-नियंत्रण आहे. परवान्याशिवाय तो देशाबाहेर नेणं, पाठवणं, अगदी सामानात घालून नेणंही संघराज्याचा गुन्हा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुक्कर मारायला शासनाची परवानगी लागते, ती वेगळीच. स्कोप कपाटात ठेवून जा, आणि जाताना सुट्या बॅटऱ्या काढून ठेवा.

प्रश्न: बॅटरी किती वेळ पुरते? (एल पासो)

उत्तर: कंपनी आठ तास म्हणते तेव्हा व्हिडिओ, वायफाय आणि लेझर बंद धरलेले असतात, सगळं चालू ठेवलं तर पाच धरा, कडक थंडीत त्याहून कमी. १८६५० चे (त्या मापाचे, पुन्हा चार्ज होणारे) सुटे सेल घेणारा स्कोप निवडलात तर भरलेली दुसरी जोडी खिशात राहते. थंडीत ती आतल्या खिशात ठेवा.